सरदाराचा सांगावा

"सगळ्यात वर कोण?" आगटे सरांनी विचारलं.

"राजा," आम्ही एकसुरात म्हणालो.

"चूक. पोप. राजा त्याच्या खाली." सर फळ्यावर एकाखाली एक नावं लिहीत सुटले. पोप, राजा, बिशप, सरदार, मठाचा महंत, वकील, व्यापारी, जहागिरीचा कारभारी, गिरणीवाला. तळाशी पोचेपर्यंत ते जवळजवळ उकिडवे बसले आणि तिथे त्यांनी लिहिलं, नांगऱ्या. उठताना त्यांच्या कोटाच्या बाहीनं वकील अर्धा पुसला गेला.

"गिरणीवाला इतका खाली का, सर?" रणजीत इंगवलेनं विचारलं.

"पीठ चोरतो म्हणून. त्या काळच्या सगळ्या कवींचं यावर एकमत आहे."

"मग आमच्या गावचा नाना गिरणीवाला फळ्यावर मावायचाच नाही. त्याला भिंतीवर लिहा."

वर्ग हसला. सगळ्यात मोठ्यानं मी हसले, कारण नाना माझ्याही गावचा. बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला स्पेशल इंग्रजी घेतलेले आम्ही सातजण होतो आणि त्यातले दोघे एकाच गावचे. रणजीत कोळवडीच्या पाटलांचा धाकटा आणि मी, शशिकला होवाळ, त्याच कोळवडीच्या बौद्धवाड्यातली. कॉलेजात रणजीत माझ्या डब्यातली चटणी मला न विचारता संपवायचा. संध्याकाळी एसटीतून उतरलो की तो पुढे आणि मी वीस पावलं मागे. असं चालायचं हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. आजही दिवाळीला त्याचा फोन येतो. आम्ही गुडघ्यांबद्दल बोलतो.

सर शिकवत होते ती कविता पाच-सहाशे वर्षांपूर्वीची, इंग्रजी, निनावी. तिच्यात मरण एकेकाच्या दाराशी येतं आणि हाक मारतं. आधी पोपला, मग राजाला, असं उतरत उतरत नांगऱ्यापर्यंत. प्रत्येकजण आपला हुद्दा सांगतो, सबब सांगतो आणि शेवटी मुकाट चालू लागतो. सरांचं म्हणणं असं, की ही माणसं समजून घ्यायची तर त्यांच्या जागी उभं राहायला हवं. म्हणून त्यांनी सगळी कविता मराठीत आणली होती आणि स्नेहसंमेलनात आम्ही ती करून दाखवायची होती.

"आता मरणाला कुठं बसवू?" खडू हातात नाचवत सरांनी विचारलं.

मुकुंद म्हणाला, पोपच्याही वर. मी म्हणाले, नांगऱ्याच्या खाली, सगळे शेवटी तिथंच पडतात. सरांनी दोघांकडे पाहिलं आणि फळ्याच्या अगदी कडेला, लाकडी चौकटीला टेकवून लिहिलं, मरण.

"ते उतरंडीत नाहीच," सर म्हणाले. "ते बाहेर उभं राहतं. कुणाच्या घरात जात नाही, कुणाच्या पंगतीला बसत नाही. नुसतं बाहेरून हाक मारतं, आणि पोपलासुद्धा उठावं लागतं."

मला हे इतकं आवडलं की मी वहीत त्याच्याखाली दोन रेघा मारल्या.

"मरण शशीला द्या, सर," रणजीत म्हणाला. "ओढ्याच्या पलीकडची म्हैस हिच्या हाकेनं माघारी येते."

सर खूश झाले. मीही झाले. सगळ्यात जास्त वेळ रंगमंचावर मीच असणार होते. रणजीतला सरदार मिळाला. तो मिळणारच होता, कारण पायघोळ झग्यावर बांधायला खरी तलवार फक्त त्याच्याच घरी होती. त्या वर्गात कुणाच्याही मनात दुसरं काही आलं नाही. माझ्याही नाही.

ते आलं आमच्या आज्जाच्या मनात.

आज्जा म्हणजे माझ्या वडलांचे वडील, तातोबा. तेव्हा ऐंशीच्या घरात होता. डोळ्यांना अंधुक दिसायचं आणि हाताला धरल्याशिवाय उठता येत नव्हतं. जीभ मात्र धडधाकट. त्या संध्याकाळी आई भाकऱ्या थापत होती आणि मी फुशारकी मारत होते.

"आज्जा, मी नाटकात मरण झालेय."

"आन् त्येनं करायचं काय?"

"सगळ्यांच्या दारात जायचं आणि सांगायचं, चला, तुमची वेळ झाली."

"दारात का आत?"

"आत नाही जायचं. भाईर उभं राहूनच."

आज्जा चुलीकडे बघत राहिला. "मंग त्यो येसकरच की ग," तो म्हणाला.

आईचा थापता हात थांबला. आमच्या घरात तो शब्द निघत नसे. येसकर म्हणजे गावकीच्या कामाला बांधलेला महार. हातात घुंगराची काठी, खांद्यावर घोंगडी. गावात कुणी मेलं की दहा गावांतल्या सोयऱ्यांकडे मरणाचा सांगावा न्यायचा तो येसकरानं. आज्जानं निम्मं आयुष्य ते केलं होतं. मला ते ठाऊक होतं, पण घरातला जुना आजार ठाऊक असतो तसं. त्याबद्दल कधी कुणी बोललेलं ऐकलं नव्हतं.

"लांबनं म्या दिसलो की बाया रडाय लागायच्या," आज्जा म्हणाला. "म्या तोंड उघडायच्या आधी. समद्या मुलखात मला बघून कोन हसलं असंल तर एक तुजी आज्जी. तीबी लगीन झाल्यावर."

आई हसली. मीही हसले. आज्जा हसला नाही.

"दीक्षा घिऊन आलो आन् चावडीम्होरं काठी गुडघ्यावर मोडली. मोडंना. जुनी काठी, तेल पिल्याली. पाटील बघतुया, समदं गाव बघतंय, आन् काठी काय मोडंना. तुजा बा रडाय लागला. मंग मोडली. त्या दिशी सांगून टाकलं, ह्या घरातनं आता गावाच्या मरनाचा सांगावा जायाचा न्हाई. कुनाच्याबी." त्यानं माझ्या दिशेनं मान वळवली. "नाटकात कर पोरी. सोंग हाय त्ये. खरा सांगावा न्यायचा न्हाई. येवढं एक माज्यासाठी."

"मी कशाला नेऊ, आज्जा? आता पोस्ट आहे, तार आहे."

"व्हय," तो म्हणाला. "तार हाय."

संमेलन माघात होतं. कॉलेजच्या पटांगणात मांडव घातला होता आणि दुपारच्या उन्हात कनाती तापल्या होत्या. रंगमंचाच्या मागे एका वर्गात आम्ही तयार होत होतो. मुकुंद पुठ्ठ्याचा उंच मुकुट घालून पोप झाला होता आणि त्याला सारखी शिंक येत होती. मी काळी घोंगडी डोक्यावरून घेतली होती. सरांना माझ्या हातात घुंगराची काठी हवी होती. त्यांनी ती कुठूनशी आणलीही होती. मी नको म्हणाले. सरांनी कारण विचारलं नाही.

पोपला नेऊन झालं होतं, राजाचा प्रवेश चालू होता. त्यात मरण आधी फक्त सावली म्हणून दिसायचं, मी शेवटी जायचं. तेवढ्यात ऑफिसातले भाऊसाहेब धावत आले आणि सरांच्या कानाशी लागले. सरांचा चेहरा उतरला. त्यांनी मला व्हरांड्यात बोलावलं.

"शशिकला, कोळवडीहून फोन आला होता. सोसायटीच्या ऑफिसातून. रणजीतचे वडील गेले. ऊस तुटत होता तिथे उभे होते, तिथेच कोसळले."

आबा पाटील. काल संध्याकाळी मी त्यांना वेशीत पाहिलं होतं. बैलाची शिंगं रंगवणाऱ्याला शिव्या देत होते.

"दिवस मावळायच्या आत उचलणार आहेत," सर म्हणाले. "प्राचार्य गाडी देताहेत. त्याला लगेच निघायला हवं, नाहीतर तोंडसुद्धा बघायला मिळायचं नाही. तू जाऊन सांग त्याला."

"मी?"

"तू त्याच्या गावची. ओळखीच्या माणसाच्या तोंडून कळलेलं बरं."

"सर, तुम्ही सांगा. किंवा मुकुंदला सांगा. तो रणजीतच्या शेजारी बसतो."

"मुकुंदला काय कळतंय त्यांच्या गावचं? त्याला विचारायचं असेल काही, घरी कोण आहे, काय आहे. तू गावची आहेस." सरांनी चष्मा काढला. त्यांचे डोळे खरंच भरले होते. "मला नाही जमणार गं. माझ्या वडलांचं मला कुणीतरी असंच रस्त्यात सांगितलं होतं."

सर चांगले होते. हे मी मुद्दाम लिहितेय. त्यांनी माझी जात पाहून मला पाठवलं असं कुणी म्हणालं असतं तर ते दोन दिवस जेवले नसते. त्यांच्या डोक्यात एवढंच होतं, की गावचं मरण आहे तर गावचंच माणूस जाऊ दे. आणि ते बोलत असताना माझ्या डोक्यात आज्जा बसला होता, चुलीशी, माझ्या दिशेनं मान वळवून.

"आमच्या घरात..." मी म्हणाले.

"काय?"

मांडवात टाळ्या पडल्या. राजाचं काहीतरी छान झालं असावं. उन्हं कलायला लागली होती. मी वाद घालत राहिले असते तर रणजीतच्या बापाचं तोंड त्याला दिसलं नसतं. एवढा साधा हिशेब होता.

"काही नाही, सर," मी म्हणाले.

रणजीत वर्गाच्या दाराशी तलवार सावरत उभा होता. पत्र्याची ढाल पाठीला बांधलेली आणि मिशा कोळशानं काढलेल्या. मला येताना पाहून त्यानं छाती पुढे काढली.

"अजून राजाचं व्हायचंय. तू आत्ताच कुठं आलीस?"

"रणजीत, घरी जायचंय. चल."

"मरणा, माझा घोडा अजून दमलेला नाही," तो ऐटीत म्हणाला. हे त्याचं नाटकातलं पहिलं वाक्य होतं. "माझ्या नावावर अजून एक लढाई बाकी आहे. तू मागल्या दारानं ये."

"रणजीत, ऐक."

"तू चुकलीस. तू म्हणायचंस, सरदारा, मला मागलं दार नसतं."

मी घोंगडी डोक्यावरून ओढून काढली आणि खाली टाकली. "नाटक नाही हे. गावाकडनं फोन आलाय. आबा गेले."

तो हसतच होता. चेहऱ्याला अजून कळलं नव्हतं. मग कोळशाच्या मिशा हलल्या. तो एक पाऊल मागे सरला, भिंतीला ढाल आपटली आणि त्या पत्र्याचा आवाज सगळ्या वर्गात घुमला. मी त्याचा हात धरायला पुढे झाले. त्यानं हात वर घेतला, छातीशी. मला तेव्हा वाटलं, माणूस दुःखात असं करतो.

"कवा?" त्यानं विचारलं. कॉलेजात तो कधी असं बोलत नसे.

"दुपारी. उसात."

"तू सांगाय आलीस?"

"हो."

त्यानं मान हलवली आणि तसाच, सरदाराच्या वेषात, गाडीकडे पळाला. तलवार पायात येत होती. मुकुंद मागून त्याचे कपडे घेऊन धावला. माझा सरदाराचा प्रवेश त्या दिवशी झालाच नाही. सरांनी पडदा टाकला आणि मांडवातल्या लोकांना वाटलं, नाटक एवढंच होतं.

मी शेवटच्या गाडीनं घरी आले. वरच्या आळीतून रडणं ऐकू येत होतं. आज्जा ओट्यावर बसला होता. मी त्याच्या पायाशी बसले आणि लपवाछपवी न करता सांगून टाकलं.

"आज्जा, रणजीतला मी सांगितलं. दुसरं कुणी पुढं झालं नाही. तू नको म्हणाला होतास."

 मग त्याचा हात चाचपडत माझ्या डोक्यावर आला.

"त्यो तुजा मैतर हाय का?"

"आहे."

"तुज्या डब्यातलं खातू?"

"माझ्यापेक्षा जास्त खातो."

"मंग झालं. मैतरानं मैतराला सांगितलं. त्यो सांगावा न्हवं पोरी. सांगावा येगळा. सांगावा न्हेनाऱ्याला मैतर नसतो." त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. "पोराला बापाचं तोंड दिसलं न्हवं?"

"दिसलं."

"मंग चांगलं केलंस."

मी तिथंच, त्याच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडले. आबा पाटलांसाठी नाही. हलकं वाटलं म्हणून.

तेरावा झाला. रणजीत कॉलेजात येत नव्हता. त्याच्या नोट्स मी उतरवून ठेवत होते, बिशपपासून गिरणीवाल्यापर्यंत, माझ्या वहीतल्यापेक्षा सुवाच्य अक्षरात. एका सकाळी मी ओट्यावर आज्जाच्या शेजारी बसून त्याची नखं काढत होते, तर रणजीत आमच्या गल्लीत शिरताना दिसला. डोकं भादरलेलं, पांढरी टोपी, हातात धडप्याचं गाठोडं. तो आमच्या वस्तीत जन्मात पहिल्यांदा येत होता. शेजारची पोरं खेळ थांबवून बघायला लागली.

मला इतका आनंद झाला की मी ओरडलेच, "आई, चहा टाक! रणजीत आलाय."

तो ओट्यापासून जरा लांब उभा राहिला. डोळे सुजलेले. किती वाळला होता.

"ये की वर," मी म्हणाले. "हे माझे आज्जा. आज्जा, हा रणजीत."

"बस बाळा," आज्जा म्हणाला. "वाईट झालं. तुजा बा रागीट, पर सरळ मानूस."

रणजीतनं मान हलवली. तो बसला नाही. "आईनं पाठवलंय," तो म्हणाला आणि गाठोडं थोडं वर केलं. "जोंधळे हायत. पायलीभर."

"जोंधळे कशाला?"

"सांगाव्याचे. आई म्हणली, सांगावा ज्यानं आणला त्याच्या घरी पोचते करायचे असतात. राहिले तर मागं दोष लागतो."

मला पटकन काही उमजलं नाही. मी ओट्यावरून उतरले आणि घेण्यासाठी दोन्ही हात पुढे केले. ते हात त्यानं वर्षभर पाहिले होते, डबा उघडताना, वही देताना. त्यानं माझ्या हातांकडे पाहिलं. मग मान खाली घातली.

"आई म्हणली, खाली ठेवून ये."

आणि त्यानं गाठोडं जमिनीवर ठेवलं. माझ्या पायांपुढे, मातीत. आपटलं नाही, टाकलं नाही. देवापुढे ठेवावं तसं हळू ठेवलं. तो मला दुखवायला आलाच नव्हता. बाप गेलेला पोरगा आईनं सांगितलेलं करत होता.

माझ्या अंगाचा भडका उडाला. उचल ते, असं मी म्हणणार होते. पाटलीणबाईंना सांग, मी तुझी मैत्रीण म्हणून आले होते. सगळी वाक्यं तोंडात तयार होती. मी तोंड उघडलं, आणि माझ्या मागे कुणीतरी बोललं.

"जोहार, मायबाप."

तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. भरीव, तरणा, लांबवर पोचणारा आवाज होता. मला खरंच वाटलं, गल्लीत कुणी परका माणूस आलाय. मी वळले. आज्जा उभा होता. हाताला धरल्याशिवाय ज्याला उठता येत नव्हतं, तो एकटा उठून ओट्याखाली आला होता आणि कमरेत वाकून, हात जमिनीकडे नेऊन थांबला होता. त्या गाठोड्याच्या आणि त्या पोराच्या पुढे. जो शब्द आमच्या माणसांनी काठीबरोबर टाकून दिला होता, तो तीस वर्षं त्याच्या अंगात कुठेतरी तसाच उभा होता.

आणि रणजीत म्हणाला, "हं."

एवढंच. अगदी त्याच्या बापासारखं, नाकातून. आपण काय बोललो हे त्यालाही कळलं नसावं. तो दचकला, माझ्याकडे पाहिलं आणि झपाट्यानं माघारी निघाला. टोपी पडली तीसुद्धा त्यानं उचलली नाही.

मी पुढे तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. ती कविता कितीदा तरी अभ्यासक्रमात आली. पोप, राजा, सरदार मी फळ्यावर एकाखाली एक लिहायचे. नांगऱ्यापर्यंत पोचायच्या आत मागच्या बाकावरून तो आवाज यायचा, तरणा, भरीव. मुलं विचारायची, मॅडम, काय झालं? मी म्हणायचे, खडू संपला.

त्या सकाळी आज्जा बराच वेळ वाकलेलाच होता. परवानगी मिळाल्यावर सरळ व्हायचं असतं, तशी वाट बघत. मी त्याला काखेत धरून उचललं आणि ओट्यावर बसवलं.  आई चहाचं भांडं हातात घेऊन दारात थिजली होती.

"शशे," तो म्हणाला. आवाज पुन्हा त्याचा झाला होता, म्हातारा आणि फुटका. "म्या काय म्हनलो ग आत्ता?"

"काही नाही, आज्जा."

"म्हनलो काय तरी. मोठ्यांदा म्हनलो."

आईनं माझ्याकडे पाहिलं.

"पाणी मागितलंस," मी म्हणाले.

आज्जा माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिला. त्याला किती दिसत होतं कुणास ठाऊक. मग त्यानं मान हलवली. मी आत जाऊन तांब्या भरून आणला. त्याला तहान नव्हती. तरी त्यानं तांब्या दोन्ही हातांनी धरला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.